सांतोयने जुळवलेल्या तारा

"पहिला ठोका सोडून दे, बाळ. त्यावर हात टाकायचा नाही. तो देवाचा. दुसरा आपला."

सांतोय आपल्या लेकीला, लुमेनला, हे शिकवायचा तेव्हा मी तिच्या मांडीवर असायचे. मांडी इवलीशी आणि मी थोराड, म्हणून माझी एक बाजू तो स्वतः धरून बसायचा. लुमेन घाई करायची. पहिल्याच ठोक्यावर तिची बोटं तारांवर पडायची. मग सांतोय हसून म्हणायचा, "पुन्हा खाल्लास की देवाचा घास."

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. फणसाच्या लाकडाची, सहा तारांची. माझ्या पोटावर आता एक चीर आहे आणि माझी मान जराशी वाकली आहे. पण मी नेहमी अशी नव्हते. माझी कहाणी सांगते, ती शांतपणे ऐका.

माझा जन्म माक्तान बेटावर झाला, नोंग आलेहो यांच्या अंगणात. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे मानाने 'नोंग' म्हणतात. ज्या फणसाची मी झाले, तो त्यांच्याच कुंपणाशी उभा होता. कितीतरी वर्षं त्याने गल्लीतल्या पोरांना गरे खाऊ घातले. एका वादळात तो आडवा झाला, तेव्हा नोंग आलेहोंच्या घरात त्या संध्याकाळी चूल पेटली नाही म्हणतात. लाकूड आतून हळदीसारखं पिवळं निघालं. त्यांनी ते सावलीत वाळवलं, पातळ फळ्या कापल्या, वाफेवर वाकवल्या, आणि माझं शरीर आकाराला आलं. पुढची फळी, जिला वाद्य बनवणारे तबली म्हणतात, ती त्यांनी बोटांनी टकटक वाजवत, कान लावून लावून घासली. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी सगळ्यांत शेवटी चिकटवली. घोडी बसली आणि मी बोलू लागले.

सांतोय मला न्यायला आला तेव्हा तरणाताठा होता. समोरच्या ओलांगो बेटावरचा कोळी. अंगाला मीठ, हातांना दोरांचे घट्टे. त्याने तिथल्या सगळ्या गिटारी वाजवून पाहिल्या आणि मला उचलून म्हणाला, "हीच हवी. हिचा आवाज सर्दी झालेल्या बाईसारखा आहे."

नोंग आलेहोंना राग आला. "माझ्या गिटारीला सर्दी?"

"नोंग, आम्हाला रेगे वाजवायचंय, ते परदेशी डुलतं संगीत," सांतोय म्हणाला. "त्यात फार साफ आवाजाची बाई चालत नाही. दुखणं सोसून हसणारी लागते."

म्हाताऱ्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला त्याच्या स्वाधीन केलं.

ओलांगोला ओहोटी लागली की समुद्र दूर दूर निघून जातो. जिथे सकाळी होड्या तरंगत होत्या तिथे दुपारी बायका शिंपल्या वेचत असतात. होड्या आपल्या उलांड्यांवर, तोल राखायला बाजूला बांधलेल्या लाकडांवर, कलंडून पडतात आणि कोळ्यांच्या हाताला काम राहत नाही. नेमक्या त्या वेळात सांतोय आणि त्याचे सोबती वाजवायला बसत. म्हणून त्यांनी आपल्या मंडळाचं नावच 'हुनास' ठेवलं. हुनास म्हणजे ओहोटी. तालमीची वेळ घड्याळ ठरवत नसे, समुद्र ठरवत असे. भरती परतून पाणी वाळूच्या कडेला आलं की गाणं अर्ध्यावर टाकून सगळे होड्यांकडे पळत.

ढोल बडवायला ओंदोय होता. गोल पोटाचा, सगळ्या जगाची थट्टा करणारा, आणि ठोक्याला मात्र देवाच्या घंटेसारखा नेमका. ओंदोय ठोके मोजायचा, मी ठोक्यांच्या मधल्या जागांत बोलायचे. पहिली जागा आम्ही मोकळी सोडायचो. ऐकणाऱ्याला वाटायचं, काहीतरी राहून गेलं. आणि त्या राहून गेलेल्या जागेत माणसं आपोआप डुलायची.

सांतोयची बायको फेलिसा मोठी भाविक. तिचा दर बुधवारी माऊली मारियेच्या प्रार्थनेचा नेम होता. काही झालं तरी तो चुकत नसे. म्हणून बुधवारी तालीम बंद. सुरुवातीला तिला आमचं संगीत मुळीच पसंत नव्हतं.

"हे गाणं आहे की झोप?" ती विचारायची. "आणि त्या जटा आधी काप. डोक्यावर नारळाचा काथ्या घेऊन चर्चमध्ये माझ्या शेजारी बसू नकोस."

"मानांग, काथ्याला नावं ठेवू नका," ओंदोय म्हणायचा. मानांग म्हणजे थोरली बहीण. "बुडताना धरायला काहीतरी लागतं माणसाला."

फेलिसा हसू दाबून आत जायची. पण मासे साफ करताना तिचा सुरा आमच्याच ठोक्यावर चालायचा. पहिला ठोका मोकळा, दुसऱ्यावर खवले. मला दिसायचं. तिने ते कधी कबूल केलं नाही.

ते दिवस माझ्या मानाचे होते. गावच्या जत्रेत, बाळ येशूची मिरवणूक चर्चमध्ये परतली की आम्ही चौकात वाजवायचो. कोळी, त्यांच्या बायका, शिंपल्यांच्या माळा ओवणाऱ्या म्हाताऱ्या, सगळे हळूहळू डुलायचे, जणू पाण्यात उभे आहेत. शनिवारी माक्तानच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत जायचो. तिथले परदेशी पाहुणे टाळ्या वाजवायचे, आणि एक गोरा आजोबा तर माझ्यासमोर बसून रडला होता. गाण्यातला एक शब्दही त्याला कळला नव्हता. आमची गाणी आमच्याच बोलीतली, सुकवलेल्या मासळीची, परत न आलेल्या होडीची. लुमेन रांगत होती तेव्हा सांतोयने तिच्यासाठीही एक केलं होतं, शिंपलीत समुद्र शोधणाऱ्या मुलीचं. वाजवून झालं की सांतोय आपल्या सदऱ्याने माझ्यावरचं मीठ पुसायचा आणि मगच स्वतःचा घाम.

लुमेन मोठी झाली. तिचा गळा बापाचा आणि कान बापाहून तीक्ष्ण. ती एका मोठ्या जहाजावर गायला गेली. आमच्या बेटांवरची गाणारी मुलं अशीच जातात, दुसऱ्यांच्या समुद्रावर गायला. निघताना तिने मला हात लावला, पण वाजवलं नाही. रडू आलं असतं, म्हणून.

आता जे सांगायचं आहे ते मला नेहमी जड जातं.

तो शनिवार होता. संध्याकाळी माक्तानला कार्यक्रम होता. दुपारी सांतोयने मला मांडीवर घेतलं, एकेक खुंटी पिळून तारा जुळवल्या, कान लावून पाहिलं. "छान," एवढंच म्हणाला. मग मला भिंतीच्या खिळ्याला अडकवून तो खेकड्यांचे पिंजरे उचलायला होडी घेऊन गेला. तासाभरात येतो म्हणाला. नैर्ऋत्येचा वारा अचानक उठला. होडी परतली, ती उलटी. सांतोय दुसऱ्या सकाळी सापडला.

आमच्याकडे गेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. शवपेटी घरातच असते, आणि शेजारीपाजारी येऊन बसतात, कॉफी पितात, बिस्किटं खातात, पत्ते खेळतात, गेलेल्याच्या गोष्टी सांगून हसतात. ओंदोय पेटीपाशी उभा राहून म्हणाला, "नोंग, जन्मात एकदाही वेळेवर आला नाहीस. इथे मात्र सगळ्यांच्या आधी." लोक हसले आणि लगेच डोळे पुसू लागले. मग तो माझ्याकडे वळला. हुनासच्या सोबत्यांना सांतोयसाठी वाजवायचं होतं.

फेलिसा आडवी आली.

"तिला हात नको लावूस, ओंदोय."

"मानांग, एकच गाणं."

"त्याने लावलेला सूर आहे तिच्यात. परवा दुपारी त्याच्या बोटांनी लावलेला. तू वाजवलंस की उतरेल. मग तू पिळशील खुंट्या. मग त्याचं काय उरलं?"

ओंदोयने बिस्किटांचा रिकामा डबा उलटा केला आणि बोटांनी त्यावरच ठेका धरला. बाकीचे नुसतं गुणगुणले. मी भिंतीवरून ऐकत राहिले. ठोक्यांच्या मधल्या माझ्या जागा त्या दिवशी मोकळ्याच राहिल्या.

लुमेनला येता आलं नाही. जहाज कुठल्यातरी थंड देशाच्या वाटेवर होतं. तिने बापाला मातीत जाताना फोनच्या काचेतून पाहिलं. काही दिवसांनी तिचा फोन आला.

"आई, मी आले नाही."

"तू कशी येणार होतीस?"

"तरी. मी आले नाही." मग लुमेन म्हणाली, "हुकासच्या दिवशी बाबांच्या गिटारीवर माझं गाणं मला ऐकव. फोनवर का होईना. त्यांना निरोप दिल्यासारखं वाटेल मला."

हुकास म्हणजे वर्षाने काळे कपडे उतरवायचा दिवस. तोवर घरात गाणं नाही.

"ऐकवीन," फेलिसा म्हणाली. "आईने दिलेला शब्द समज."

फेलिसाने माझ्यावर काळं कापड पांघरलं. घरात कुणी आलं तर ती सांगायची, "अजून त्याचाच सूर आहे तिच्यात." लोक हात जोडल्यासारखं माझ्याकडे पाहायचे. रोज संध्याकाळची जपमाळ संपली की ती कापडाखाली हात घालून माझी एकच तार हलकेच छेडायची. डोळे मिटून ऐकायची. मग झोपायला जायची. सांतोय गेल्यापासून ती होडीत बसली नव्हती. माक्तानहून काही आणायचं झालं तर दुसऱ्यांना सांगायची. पण हा माझा नेम तिने एक दिवस चुकवला नाही.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी तिला सांगितलं असतं. तो सूर केव्हाच गेला होता. लाकूड म्हणजे जिवंतच असतं. खारी हवा लागली की फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सांतोय गेला त्याच्या पुढच्या पंधरवड्यातच माझ्या तारा उतरल्या, आणि दर पावसात आणखी उतरल्या. फेलिसा ज्याला त्याचा सूर म्हणून ऐकत होती तो हवेने आणि मिठाने लावलेला सूर होता. रोज थोडाथोडा बदलत गेला, म्हणून तिला कळलं नाही. लेकरू रोज डोळ्यांसमोर असलं की त्याची उंची वाढलेली आईला दिसत नाही, तसंच ते.

सूर उतरला तरी ताण उरलाच. तारा रात्रंदिवस मला पुढे ओढत होत्या. वाजणारी गिटार तो ताण सोसते, कारण कुणीतरी तिला पाहतं, खुंटी सैल करतं, पुसतं. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं, माझी पूजा चालली होती. माझी मान हळूहळू वाकली. घोडीच्या मागच्या कडेचा डिंक सुटू लागला, आणि एका कडक दुपारी तबलीवर चीर गेली. बारीक आवाज झाला. फेलिसा अंगणात मासळी वाळत घालत होती. तिला वाटलं, पाल असेल.

हुकास जवळ आला. एका संध्याकाळी लुमेनचा फोन आला तेव्हा फेलिसाची जपमाळ नुकतीच संपली होती. तिच्या मनात आलं, लेकीला आजच थोडं ऐकवावं. तिने फोन माझ्याजवळ धरला आणि तार छेडली. पुन्हा छेडली.

पलीकडे लुमेनने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"ऐकलंस? बाबांचा सूर."

"आई," लुमेन सावकाश म्हणाली, "दुसरी पण वाजव."

फेलिसाने दुसरी वाजवली. मग तिसरी. वर्षभरात पहिल्यांदाच तिने बाकीच्या तारांना हात लावला होता.

"आई, हा बाबांचा सूर नाही गं."

"कुणी हात लावलेला नाही तिला. शपथ घेऊन सांगते."

"म्हणूनच," लुमेन म्हणाली.

फेलिसाने फोन ठेवला. माझ्यावरचं कापड काढलं. दिव्याखाली मला नेलं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. चिरेवरून तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग तिने शेजारच्या मुलीला ओंदोयकडे पाठवलं.

ओंदोय आला तो तोंडात भाताचा घास घेऊनच. मला पाहिलं आणि त्याचं चावणं थांबलं.

"बोल," फेलिसा म्हणाली. "थट्टा नको."

"घोडी सुटतेय, मानांग. ती निघाली की तबली घेऊनच निघेल. मग हिचं सरपण." त्याने माझ्या मानेखाली हात दिला. "तारा आत्ता सैल कराव्या लागतील, सगळ्या. मग माक्तानला न्यायचं. नोंग आलेहो थकलेत, पण बसतात अजून अंगणात. तेच करतील."

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"सूर गेलाय ते. तू येत होतास जात होतास. तुझ्या कानाला कळलं नसेल असं नाही."

ओंदोयने मान खाली घातली. "तुम्ही संध्याकाळी ती तार छेडायच्या ना, मानांग, तेव्हा मी कधीकधी कुंपणापाशी असायचो. नाही सांगवलं. दुसरं काय होतं तुमच्याजवळ?"

बाहेर कुणाचंतरी कुत्रं भुंकत होतं. ओंदोयने माझ्या खुंटीकडे हात नेला.

"थांब," ती म्हणाली. "मी करते."

तिने मला मांडीवर घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या खुंटीवर बोटं ठेवली, जिथे सांतोयची बोटं शेवटची टेकली होती, आणि ओठांत माऊलीचं नाव घेत ती उलटी फिरवली. तार खोल कण्हली आणि गप्प झाली. मग दुसरी. प्रत्येक खुंटीला एक प्रार्थना. ओंदोय भिंतीकडे तोंड करून उभा होता. सहावी तार सैल झाली तेव्हा माझ्या अंगातली सगळी ओढ निघून गेली. मला हलकं वाटलं आणि त्याच क्षणी फार एकटंही वाटलं. सांतोयचं आता माझ्यात काहीच उरलं नव्हतं. फेलिसाचे अश्रू तबलीवर पडले. तिने ते लगेच झग्याच्या टोकाने पुसले, लाकूड भिजू नये म्हणून.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणा गेलेल्या माणसाचं काही जपून ठेवलेलं असेल. एखादी बाजाची पेटी, सतार, शिवणयंत्र, नाहीतर चष्मा. त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. अधूनमधून उघडा, पुसा, वापरा, दुरुस्त करा. तुमच्या हातांनी त्याच्या हाताची खूण पुसली जाईल, हे खरं आहे. मला ते माहीत आहे. पण हात लागला नाही तर खूणही जाते आणि वस्तूही. वाद्य निजवणार असाल तर आठवणीने त्याच्या तारा सैल करा. तेवढी माया आम्हाला पुरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेलिसाने मला चटईत गुंडाळलं, दोन ठिकाणी दोरी बांधली आणि पाठीला लावलं. पिशवीत नारळाच्या पानात शिजवलेला भात आणि थोडी सुकी मासळी घेतली. अंगावर अजून काळे कपडे होते. पाणी ओसरलं होतं, म्हणून माक्तानची होडी दूर खोल पाण्यात उभी होती. शिंपल्या वेचणाऱ्या बायकांनी तिला चिखलातून चालताना पाहिलं आणि त्या सरळ उभ्या राहिल्या.

"फेलिसा, कुठे गं?" एकीने विचारलं.

"लुमेनचं काम आहे जरा," ती म्हणाली आणि चालत राहिली.

गुडघाभर पाण्यात होडीवाल्याने हात पुढे केला. "मानांग, ती चटई द्या इकडे, पुढे ठेवतो. सुकी राहील."

"असू दे. मांडीवर घेते."

उलांडीला धरून ती क्षणभर थांबली. पाणी तिच्या काळ्या झग्याला ओढत होतं. मग ती वर चढली, मला मांडीवर घेऊन बसली, आणि पलीकडच्या किनाऱ्याकडे पाहत होडीवाल्याला हळूच म्हणाली, "चल, बाबा."